रोड रनर आणि कायोटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात सहा वर्षांचा भाचा आहे आणि त्याच्या मामाला जुन्या कार्टूनचं वेड आहे, हे सोसायटीत एव्हाना सगळ्यांना कळलंय. सुट्टीत आमच्या हॉलमध्ये पोरांचा अड्डा जमतो. पोरांना न्यायला आलेले आईबाप ‘चल रे, उशीर झाला’ म्हणत दारातच अर्धा तास उभे राहून बघतात. ‘रोड रनर आणि कायोटी’ या जुन्या अमेरिकन कार्टूनबद्दल त्यांनी आणि मुख्यतः भाच्याने विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत थोडा पक्षपात आहे. मी कायोटीच्या बाजूचा आहे.

गोष्ट काय आहे?

वाळवंट, त्यातून जाणारा रस्ता. रस्त्यावरून एक पक्षी सुसाट पळतो. एक हडकुळा, उपाशी कायोटी त्याला पकडायला बघतो. पकडता येत नाही. संपली गोष्ट. सहा-सात मिनिटांत असे बरेच प्रयत्न होतात, दर वेळी नवी युक्ती, आणि दर वेळी तोंडावर आपटतो तो कायोटीच.

कायोटी म्हणजे कोल्हा की लांडगा?

दोघांचाही भाऊबंद. उत्तर अमेरिकेतला हा प्राणी, शास्त्रीय नाव कॅनिस लॅट्रान्स. आपला कोल्हा कॅनिस ऑरियस, म्हणजे एकाच प्रजातीगटातले. त्यामुळे घरी कोणी त्याला कोल्होबा म्हटलं तर मी दुरुस्ती करत नाही. ‘फॉक्स’ म्हणू नका, एवढंच. फॉक्स म्हणजे आपलं खोकड, ते निराळं.

मात्र आपल्या म्हणींमधला कोल्हा आणि हा यांच्यात मोठा फरक आहे. आपल्या कोल्ह्याला द्राक्षं मिळाली नाहीत की ती आंबट होतात, नाहीतर तो काकडीला राजी होतो. या गड्याने आजवर पक्ष्याला आंबट म्हटलेलं नाही आणि काकडीवर तर तो मुळीच भागवत नाही. त्याचं सगळं दुखणं तिथेच आहे.

रोड रनर खराखुरा पक्षी आहे का? आम्हाला शहामृगाचं पिल्लू वाटायचं.

आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटात आणि मेक्सिकोत सापडतो, न्यू मेक्सिको राज्याचा तो राज्यपक्षी आहे. शहामृगाशी त्याचा काही संबंध नाही, तो कोकिळेच्या कुळातला. आपला भारद्वाज पाहिलाय ना, लालसर तपकिरी पंखांचा, कुंपणाच्या कडेने जमिनीवरून रुबाबात चालणारा? तो याचा लांबचा चुलतभाऊ. आकारही साधारण तेवढाच: शेपटीसकट अर्धा मीटर, वजन पाव किलोहून थोडं जास्त.

कार्टूनमध्ये तो निळा-जांभळा आणि साधाभोळा. खरा रोड रनर करड्या-तपकिरी रेघांचा असतो आणि भोळा तर अजिबात नसतो. सरडे, विंचू, लहान साप, अगदी विषारी खुळखुळ्या सापसुद्धा तो चोचीत धरून दगडावर आपटून खातो. त्याच्या पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, त्यामुळे वाळूत फुलीसारखा ठसा उमटतो आणि पक्षी कुठून कुठे गेला ते ठशावरून चटकन कळत नाही. ही गोष्ट कार्टूनवाल्यांनी वापरली असती तर कायोटीचे आणखी हाल झाले असते.

खऱ्या आयुष्यात दोघांची शर्यत लागली तर?

कायोटी जिंकेल, आरामात. रोड रनर ताशी तीसेक किलोमीटर पळतो, कायोटी साठच्या आसपास. म्हणजे या सगळ्या उद्योगाची गरजच नव्हती. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो दोन मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, ‘त्याला कोणी सांगितलं नाही का?’

हे कोणी आणि कधी बनवलं?

दिग्दर्शक चक जोन्स आणि लेखक मायकेल माल्टीज, वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टून स्टुडिओत. पहिली फिल्म ‘फास्ट अँड फ्युरी-अस’ सप्टेंबर १९४९ मध्ये आली. त्या काळी एकाने पळायचं आणि दुसऱ्याने धावायचं अशा कार्टूनचं पेव फुटलं होतं, त्यांची टर उडवायला ही एकच फिल्म काढायची असा बेत होता. लोकांना टर कळली की नाही देव जाणे, पाठलाग मात्र आवडला. दुसरी फिल्म यायला १९५२ उजाडलं, आणि मग ती गाडी काही थांबली नाही.

जोन्सला कायोटी सापडला तो मार्क ट्वेनच्या पुस्तकात. ‘रफिंग इट’ या १८७२ च्या प्रवासवर्णनात ट्वेनने या प्राण्याचं लांबलचक वर्णन केलंय: हाडांचा सापळा, कायम भुकेला, दारिद्र्याचा चालताबोलता पुतळा. जोन्सने ते लहानपणीच वाचलं होतं. गंमत अशी की त्याच वर्णनात पुढे गावातला एक तोऱ्यात वावरणारा कुत्रा कायोटीच्या मागे लागतो. कायोटी सहज दुडक्या चालीने त्याला खेळवत नेतो आणि मग एकदम वाऱ्यासारखा नाहीसा होतो. कुत्रा धापा टाकत उभा. म्हणजे ट्वेनचा कायोटी हाच मुळात रोड रनर आहे! जोन्सने त्याची भूक तेवढी उचलली आणि वेग दुसऱ्याला देऊन टाकला.

‘बीप बीप’ की ‘मीप मीप’?

लिहितात ‘बीप बीप’, ऐकू येतं ‘मीप मीप’. तुमचे कान ठीक आहेत. आवाज पॉल ज्युलियन यांचा, आणि ते स्टुडिओत पार्श्वभूमीची चित्रं रंगवायचे. मोठमोठी चित्रं हातात धरून कॉरिडॉरमधून जाताना समोरचं दिसायचं नाही, म्हणून तोंडाने हॉर्न वाजवत जायचे. तोच आवाज उचलून रेकॉर्ड केला गेला. पुढे १९६८ मध्ये प्लिमथ कंपनीने ‘रोड रनर’ नावाची मोटार काढली, तिचा हॉर्नही तसाच होता.

रोड रनर इतका हुशार कसा?

तो हुशार नाहीच. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि माझं उत्तर कोणालाही आवडत नाही.

हुशार प्राणी बघायचा असेल तर पंचतंत्रातला ससा बघा. सिंहाला विहिरीपाशी नेतो, आत वाकून बघायला लावतो, त्याचंच प्रतिबिंब दाखवून उडी मारायला लावतो. किंवा आपली म्हातारी घ्या. ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होऊन येईन, मग मला खा’ असं सांगून निघते आणि येताना भोपळ्यात बसून टुणूक टुणूक निसटते. या दोघांनी डोकं चालवलंय. शिकाऱ्याला काय हवंय ते ओळखून त्याला फसवलंय.

रोड रनर यातलं काहीच करत नाही. तो रस्त्यावरून जातो. वाटेत दाणे ठेवले असतील तर थांबून खातो. क्वचित मागून येऊन ‘मीप मीप’ करतो आणि दचकून कायोटीचं डोकं वरच्या कातळावर आपटतं, तेवढीच त्याची मजल. बाकी सगळे सापळे कायोटीचे, आणि त्यात सापडणाराही तोच. पहिल्या फिल्ममध्ये कायोटी शाळकरी मुलीचा वेश करून, ‘शाळा आहे, हळू चालवा’ अशी पाटी धरून रस्त्यात उभा राहतो. पक्षी भर्रकन निघून जातो आणि मग तसाच टोप घालून, स्वतःची पाटी घेऊन परत येतो. पाटीवर लिहिलेलं असतं: रोड रनरला वाचता येत नाही. याला हुशारी म्हणायचं असेल तर म्हणा. मला ती निव्वळ खोडी वाटते.

एक प्रयोग करून बघा. पुढच्या वेळी पक्ष्याकडे दुर्लक्ष करा आणि फक्त कायोटीच्या कानांकडे बघत बसा. अख्खी फिल्म त्या कानांत आहे.

तो दरीच्या बाहेर हवेत थांबतो आणि लगेच का पडत नाही?

कारण त्याला अजून कळलेलं नसतं. खाली बघेपर्यंत गुरुत्वाकर्षण लागू होत नाही, हा कार्टूनच्या दुनियेतला कायदा आहे. तो वॉर्नरवाल्यांनी शोधला नाही, आधीपासून होता. जोन्सने त्याला धार लावली.

हा प्रसंग सावकाश बघण्यासारखा आहे. कायोटी कड्यावरून पुढे निघून जातो. पाय चालूच. मग थांबतात. एक पाय खाली दाबून बघतो, काही लागत नाही. कान हळूच खाली येतात. तो खाली पाहत नाही, आधी आपल्याकडे पाहतो. त्या नजरेत भीती फारशी नसते. लग्नाच्या पंगतीत वाढप्याचं पातेलं नेमकं आपल्यापाशी येऊन संपलं की जसा चेहरा होतो, तसा चेहरा असतो. कधी हात हलवून निरोप घेतो, कधी इवलीशी छत्री उघडतो. मग पडतो. कॅमेरा वरून बघतो: तो लहान लहान होत ठिपका होतो, ठिपकाही दिसेनासा होतो, क्षणभर काहीच नाही, आणि मग तळाशी धुळीचा एक गोल फुलतो.

त्या ‘क्षणभर काहीच नाही’चाही हिशेब होता. जोन्सने सांगितलंय की पडून दिसेनासा व्हायला १८ फ्रेम (फ्रेम म्हणजे फिल्ममधलं एकेक चित्र) आणि त्यानंतर आपटायला १४ फ्रेम. तेरा चालत नाहीत, पंधराही नाहीत. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पडायला पाऊण सेकंद आणि वाट बघायला अर्ध्याहून किंचित जास्त. एका फ्रेमचा फरक म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. तबल्यावर सम अर्धा श्वास उशिरा आली तर बैठकीत मान कशी अडखळते, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांनी ही युक्ती उचलली आहे. खेळणाऱ्याचं पात्र कड्यावरून पुढे गेलं तरी पुढच्या काही फ्रेम उडी मारायची मुभा देतात. तिला नावच ‘कायोटी टाइम’ आहे.

ते उंच लाल डोंगर कुठले?

ॲरिझोना आणि युटाच्या सीमेवरच्या मॉन्युमेंट व्हॅलीसारख्या प्रदेशातले. वरून सपाट, बाजूंनी कापलेले खडक तिथे खरोखर आहेत. त्यांना ती बाकदार, एका पायावर तोललेली रूपं दिली मॉरिस नोबल या कलाकाराने, रंगवायचं काम फिलिप डीगार्ड यांचं. फिल्म पुढे सरकत गेल्या तसतसे आकाश पिवळं, जमीन गुलाबी असे खुशाल रंग येत गेले. भाच्याला तो हरिश्चंद्रगडाचा कोकणकडाच वाटतो. मला त्यात फारसं चुकीचं दिसत नाही, कड्याच्या टोकाशी पालथं झोपून खाली बघताना पोटात जे होतं ते दोन्हीकडे सारखंच.

या फिल्म बनवायचे नियम होते म्हणतात, ते कोणते?

जोन्सने १९८९ च्या आत्मचरित्रात नऊ नियम दिले आहेत. त्यातले महत्त्वाचे असे: पक्षी ‘बीप बीप’ करण्यापलीकडे कायोटीला इजा करणार नाही. बाहेरची कुठलीही शक्ती त्याला इजा करणार नाही, नडेल तो त्याचा स्वतःचा अडाणीपणा किंवा तो जिच्याकडून सामान मागवतो त्या ॲक्मे कंपनीचा माल. संवाद नाहीत. पक्षी रस्ता सोडणार नाही. जमेल तिथे गुरुत्वाकर्षणच कायोटीचा सगळ्यात मोठा शत्रू. आणि त्याला लागतं कमी, फजिती जास्त.

ऐकायला झकास आहे. पण लेखक माल्टीज यांना पुढे एकदा या नियमांबद्दल विचारलं, तेव्हा असे काही नियम असल्याचं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं! आणि पहिल्याच फिल्मच्या शेवटी कायोटीला एक बस उडवते, मागच्या खिडकीतून रोड रनर बघत असतो. बस ही बाहेरचीच शक्ती झाली की. माझा समज असा की काम आधी झालं आणि नियम मागाहून सुचले, पाककृती लिहून मागितली की आईला जसं ‘अंदाजाने’चं चमच्यात मोजमाप करावं लागतं तसं.

त्यातला एक नियम मात्र मला खरा वाटतो: कायोटी कधीही थांबू शकतो, जर तो झपाटलेला नसेल तर. इथे जोन्स तत्त्वज्ञ सांतायानाचा दाखला देतो. झपाटलेला माणूस उद्दिष्ट विसरतो तेव्हा प्रयत्न दुप्पट करतो, अशा अर्थाचा.

ॲक्मे ही खरी कंपनी आहे का? आणि एवढं सामान घ्यायला पैसे आहेत तर जेवण का विकत घेत नाही?

ॲक्मे हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ शिखर. अमेरिकेत त्या काळी बऱ्याच दुकानांची नावं ॲक्मे असत, कारण टेलिफोनच्या यादीत ‘ए’ने सुरू होणारं नाव वर येतं. कार्टूनमधली ॲक्मे या कोणापैकीही नाही. ती रॉकेट विकते, ऐरण विकते, भूकंपाच्या गोळ्या विकते, आणि वाळवंटात घरपोच माल देते.

या कंपनीविरुद्ध कायोटी कोर्टात गेला तर काय, अशी कल्पना करून इयान फ्रेझर यांनी १९९० मध्ये ‘द न्यूयॉर्कर’मध्ये एक विनोदी लेख लिहिला, अस्सल वकिली भाषेत. त्यावरून ‘कायोटी व्हर्सेस ॲक्मे’ हा चित्रपट झाला. तो तयार असूनही २०२३ मध्ये वॉर्नरने डब्यात घातला, आणि बरीच ओरड झाल्यावर २०२५ मध्ये दुसऱ्या कंपनीला विकला.

जेवणाच्या प्रश्नाचं उत्तर कायोटीनेच १९६२ च्या एका जरा लांब फिल्ममध्ये दिलंय. टीव्हीसमोर बसलेली दोन मुलं हाच प्रश्न विचारतात, तर तो पाठलाग थांबवून चक्क तक्ता मांडतो आणि पक्ष्याच्या कुठल्या भागाला कोणती चव आहे ते समजावून सांगतो. सावजीचा रस्सा ज्याला हवाय त्याला उडुप्याची इडली चालत नाही, यात न कळण्यासारखं काय आहे?

म्हणजे तो बोलतो?

रोड रनरसोबतच्या नेहमीच्या फिल्ममध्ये नाही, फार तर पाट्या दाखवतो. बोलतो तो बग्ज बनी या सशासमोर. १९५२ च्या ‘ऑपरेशन: रॅबिट’मध्ये तो सशाच्या बिळापाशी स्वतःचं दार घेऊन येतो, ते उभं करतो, त्यातून बाहेर येतो आणि ‘वाइली ई. कायोटी, जीनियस’ अशी ओळख करून देतो. हे नाव पहिल्यांदा तिथेच ऐकू आलं. ‘वाइली’ म्हणजे धूर्त. आवाज मेल ब्लँक यांचा, उच्चार अगदी प्राध्यापकी. मला तो गप्पच आवडतो.

सुरुवातीला चित्र गोठतं आणि खाली काहीतरी लॅटिन येतं, त्याचा अर्थ काय?

लॅटिन नाहीच ते. शास्त्रीय नावांची नक्कल आहे: ‘ॲक्सिलेराटी इन्क्रेडिबिलस’, ‘कार्निव्होरस व्हल्गॅरिस’. इंग्रजी शब्दांना संस्कृत विसर्ग लावावा तसा प्रकार. बहुतेक फिल्मना नावं नवी.

मेंढ्यांवर टपलेला आणि दांडग्या कुत्र्याचा मार खाणारा, तो हाच का?

दिसतो सेम, पण तो राल्फ हा लांडगा. नाक बघा: राल्फचं लाल, कायोटीचं काळं. राल्फ आणि सॅम कुत्रा सकाळी एकमेकांना नमस्कार करून हजेरीचं कार्ड पंच करतात, दिवसभर मारामारी करतात आणि भोंगा झाला की घरी जातात. एमआयडीसीत शिफ्ट केलेल्या माझ्या वडिलांना ही मालिका जास्त आवडायची.

तो कधीच पकडत नाही का?

एकदा. १९८० मध्ये टीव्हीसाठी केलेल्या ‘सूप ऑर सॉनिक’ या जोन्सच्याच फिल्ममध्ये. एका पाइपातून धावताना कायोटी इवलासा होऊन बाहेर पडतो आणि रोड रनर मूळच्या आकाराचा, म्हणजे त्याच्यापुढे डोंगराएवढा. कायोटी जाऊन त्याचा पाय मिठीत धरतो. मग वर बघतो. मग आपल्याकडे बघून पाटी दाखवतो: तुम्हालाच हवं होतं ना मी याला पकडावं, आता काय करू? भाचा इथे खदखदून हसतो. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आलं नव्हतं.

काही फिल्म एकदम फिक्या का वाटतात?

तुम्ही बहुधा १९६५-६६ मधल्या बघताय. जोन्स वॉर्नरमधून बाहेर पडला, १९६३ मध्ये तो स्टुडिओही बंद झाला, आणि नंतरच्या फिल्म कमी पैशांत बाहेरून करून घेतल्या गेल्या. त्यातल्या अकरा रूडी लारिव्हा यांनी दिग्दर्शित केल्या. युक्त्या त्याच, पक्षी तोच. कायोटी पडतोही तेवढ्याच उंचीवरून. त्या चौदा फ्रेमची वाट बघणं मात्र कोणाला जमलेलं नाही.

मुलांना हिंसा दाखवणं बरं का?

मुळात या फिल्म मुलांसाठी नव्हत्या, थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी मोठ्यांसमोर लागायच्या. अमेरिकेत शनिवार सकाळच्या टीव्हीवर आल्या तेव्हा आपटण्याचे बरेच प्रसंग कापले गेले, आणि परिणाम उलटा झाला: कायोटी पडायला निघतो आणि पुढच्या दृश्यात ठणठणीत. आमच्या हॉलमध्ये अजून तरी कोणी ऐरण मागितलेली नाही. एकाने भिंतीवर काळ्या स्केचपेनने बोगदा काढला होता, भिंत आमची होती.

आपल्याकडे हे कधीपासून दिसायला लागलं?

आमच्या पिढीला १९९५ पासून, कार्टून नेटवर्क भारतात आलं तेव्हापासून. केबलवाल्याच्या कृपेवर सगळं असायचं, आणि रात्री त्याच जागी टीएनटी या वाहिनीचे जुने इंग्रजी सिनेमे सुरू झाले की पोरं उठायची. इंग्रजीचा गंध नसलेल्या घरांतही हे कार्टून चालायचं, कारण त्यात कळण्यासारखी भाषाच नव्हती. माझी आजी पदर तोंडाला लावून हसायची आणि शेवटी दर वेळी एकच म्हणायची: ‘मेल्याला कोणीतरी भाकरी द्या गं.’

भिंतीवर रंगवलेल्या बोगद्यातून रोड रनर आरपार कसा जातो?

भाच्याचा प्रश्न, रोजचा. पहिल्याच फिल्ममध्ये आहे तो. कायोटी कातळावर बोगदा रंगवतो, आत जाणारा रस्ताही रंगवतो. पक्षी येतो आणि सरळ त्या चित्रात घुसून निघून जातो. कायोटी चक्रावतो, मग त्याला वाटतं, खराच असेल. मागे जातो, दम धरतो, धावत सुटतो आणि कातळावर थाडकन.

‘पण का, मामा?’

त्याने ते रंगवताना बघितलं होतं ना, म्हणून. पक्ष्याने नव्हतं बघितलं. भाच्याला हे पटत नाही. त्याचं म्हणणं, रंग अजून ओला असेल.